कच्चं किती, शिजलेलं किती: धावणाऱ्यांच्या ताटाचा हिशेब

पहाटे पाचच्या सुमाराला नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या रस्त्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. डबा घेऊन पाळीला निघालेली आणि धावणारी. धावणाऱ्यांत पोलीस भरतीची पोरंपोरी जास्त. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांच्या १६०० मीटरला आणि मुलींच्या ८०० मीटरला, त्यामुळे थंडी असो, धुकं असो, रस्ता सोडून चालत नाही. त्यांच्यामागे पन्नाशीकडे झुकलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले हौशी धावपटू. त्यांना मॅरेथॉनचं वेड लागलेलं असतं.

पूर्वी या मंडळींच्या गप्पा बुटांवर आणि पोटरीच्या गोळ्यांवर चालायच्या. आता त्यात दोन नवे विषय आले आहेत. पहिला ‘रॉ’ खाण्याचा: चूल बंद, फक्त फळं, कच्च्या भाज्या, भिजवलेले दाणे आणि मोड. दुसरा ‘तुझा टाइप कोणता’ हा. कुणी स्वतःला वात म्हणवतो, कुणी पित्त, तर कुणी मोबाईलवरच्या चाचणीतून निघालेली चार इंग्रजी अक्षरं सांगतो. आपला टाइप ओळखला की आहार आपोआप ठरतो, असं दोन्ही मिळून सांगितलं जातं. हे दोन विषय वेगळे आहेत आणि त्यांची गाठ भलत्याच ठिकाणी मारली जाते, असं माझं मत आहे. आधी ताटाकडे पाहू.

‘रॉ’ म्हणजे नक्की काय

वनस्पतीजन्य आहार आणि कच्चा वनस्पतीजन्य आहार या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. पहिल्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण वरण-भात चालतो. दुसऱ्यात अन्न साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवायचं नाही असा नियम असतो. म्हणजे भाकरी बाद, भात बाद, आमटी बाद आणि शेंगदाणेसुद्धा भाजायचे नाहीत.

या गल्लतीतूनच उदाहरणं चुकीची दिली जातात. अमेरिकेचा स्कॉट जुरेक हा शंभर मैलांची ‘वेस्टर्न स्टेट्स’ शर्यत १९९९ ते २००५ अशी सलग ७ वर्षं जिंकणारा धावपटू. तो वनस्पतीजन्य आहार घेणारा आहे हे खरं, पण कडधान्यं, भात, टोफू हे सगळं तो शिजवून खातो. त्याचं नाव घेऊन चूल विझवणारा माणूस अर्धीच गोष्ट वाचून उठलेला असतो.

कोळसा दळून का जाळतात

एकलहऱ्याच्या माणसाला ही गोष्ट समजावणं सोपं आहे. गोदाकाठचं आपलं औष्णिक वीज केंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. जुने दोन संच बंद झाले, २१० मेगावॉटचे तीन उरले. तिथे वॅगनमधून येणारा कोळसा तसाच भट्टीत टाकत नाहीत. आधी मिलमध्ये त्याची पिठासारखी पूड करतात आणि ती पूड हवेच्या झोतावर भट्टीत फुंकतात. ढेकळाचा आणि पुडीचा उष्मांक सारखाच असतो, पण ढेकूळ वरवर जळतं आणि आतला बराच भाग राखेबरोबर वाया जातो. पुडीचा कण न् कण पेटतो.

शिजवणं म्हणजे अन्नाची हीच मिल. कच्च्या धान्यातल्या आणि कंदातल्या पिष्टाचे कण घट्ट बांधलेले असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की ते फुगतात, फुटतात आणि मग आपले पाचक रस त्यांच्यापर्यंत पोचतात. वनस्पतीच्या पेशींच्या भिंती मऊ होतात. कडधान्यांत प्रथिनांचं पचन अडवणारे काही घटक असतात, तेही उष्णतेने निकामी होतात. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगहॅम यांनी २००९ च्या ‘कॅचिंग फायर’ या पुस्तकात तर असं मांडलं की, माणसाचा मेंदू मोठा आणि आतडं लहान होण्यामागे चुलीचाच हात आहे. त्यांच्या काळगणनेवर वाद आहेत. शिजलेल्या अन्नातून जास्त ऊर्जा मिळते, या मुद्द्यावर मात्र फारसा वाद नाही.

तालमीत कच्ची अंडी फोडून पिणारे पैलवान अजून आहेत, त्यांच्यासाठी जाता जाता एक आकडा. १९९८ साली बेल्जियममध्ये झालेल्या मोजणीत शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, तर कच्च्यातलं सुमारे ५१ टक्के. अंडं आपल्या विषयाच्या बाहेरचं आहे, पण धडा तोच आहे.

साठ किलोच्या पोराचं गणित

साठ किलो वजनाचा, सकाळ-संध्याकाळ घाम गाळणारा एक पोरगा धरू. त्याला दिवसाला ३००० कॅलरी लागतात असं मानू. हे सगळं कच्च्यातून भागवायचं ठरवलं तर काय होतं?

द्राक्षांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ६९ कॅलरी असतात, म्हणजे त्याला रोज ४ किलोच्या वर द्राक्षं खावी लागतील. गाजरं घेतली तर ७ किलोच्या वर. काकडीवर भागवायचं म्हटलं तर २० किलो, म्हणजे गोणीच लागेल. केळी जमतात, पण अठ्ठावीस-एकोणतीस. शेंगदाण्यांचं गणित उलटं. अर्धा किलोच्या थोडे वर खाल्ले की आकडा पुरा होतो, पण त्यातला बराचसा भाग तेल. जोरात धावताना स्नायूंना मुख्यतः कर्बोदक लागतं, म्हणून नुसत्या दाण्यांनी काम होत नाही. दमसासाच्या खेळात रोज किलोमागे ६ ते १० ग्रॅम कर्बोदकं आणि किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं क्रीडा-पोषणाचे तज्ज्ञ सांगतात. आपल्या पोराच्या हिशेबात ती ३६० ते ६०० ग्रॅम कर्बोदकं झाली. बाजरीचं पीठ १०० ग्रॅम घेतलं तर साडेतीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात आणि दोन भाकऱ्या होतात. त्या दोन भाकऱ्यांच्या जागी अर्धा किलो द्राक्षं चावायला वेळ कुणाकडे आहे, हाही प्रश्न आहेच.

मोठ्या प्रमाणावर कच्चं खाणाऱ्या माणसांचं पुढे काय होतं, हे जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या अभ्यासात नोंदवलेलं आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत २१६ पुरुष आणि २९७ स्त्रिया होत्या. कच्चा आहार सुरू केल्यापासून पुरुषांचं वजन सरासरी सुमारे १० किलोनी आणि स्त्रियांचं १२ किलोनी उतरलं होतं. वजन उतरवायचं असेल त्याला हे वाचून आनंद होईल. पण पुढची ओळ महत्त्वाची आहे. ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. २००५ साली अमेरिकेत सेंट लुईसला १८ जणांच्या एका लहान अभ्यासात, काही वर्षं कच्च्या आहारावर असलेल्या माणसांच्या हाडांची घनता कमी आढळली.

पाळी थांबली म्हणजे कटकट मिटली, असं आठशे मीटरचा सराव करणाऱ्या मुली एकमेकींना सांगताना मी ऐकलं आहे. कटकट मिटत नाही, शरीर काटकसर करू लागतं. धावायला लागणारी ऊर्जा वजा जाता अंगाला पुरेसं उरलं नाही की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांची डागडुजी थांबवतं आणि शेवटी नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला ‘सापेक्ष ऊर्जा-न्यूनता’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि मुलग्यांनाही ती होते हे स्पष्ट केलं. ही स्थिती कुठल्याही आहारात येऊ शकते. कच्च्या आहारात ती लवकर येते, कारण पोट गच्च भरतं आणि खातं रिकामंच राहतं.

जिथे कच्चं जिंकतं

आता दुसरी बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे.

२०१२ साली अमेरिकेत १४ सायकलपटूंना ७५ किलोमीटर पळवण्यात आलं. एकदा केळी देऊन, एकदा बाजारी एनर्जी पेय देऊन. कामगिरीत फरक पडला नाही. त्याच वर्षी ११ धावपटूंवर बेदाण्यांची तुलना महागड्या चघळायच्या गोळ्यांशी झाली आणि तिथेही बेदाणे मागे पडले नाहीत. द्राक्षाच्या जिल्ह्यात राहून परदेशी जेलची पाकिटं मागवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. मूठभर बेदाण्यांत साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं मिळतात आणि तासाभराच्या वर धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅमच लागतात. भरतीच्या १६०० मीटरला यातलं काहीच लागत नाही. पूर्ण गुण घेणारा मुलगा ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मोकळा होतो. तेवढ्यासाठी ग्लुकोजचा डबा जवळ बाळगणं हा नुसता मनाचा आधार.

क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्याने नष्ट होतं, म्हणून पेरू, आवळा, लिंबू, कोथिंबीर कच्चीच बरी. १०० ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं. आणि या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यांतलं, पालेभाज्यांतलं लोह अंगी लागतं. आपल्याकडे उसळीवर लिंबू पिळतात, भाकरीबरोबर कच्चा कांदा आणि मिरची घेतात, त्यात चवीइतकंच शास्त्रही आहे. जेवण झाल्याबरोबर चहा प्यायलात तर मात्र तो फायदा बराचसा गेला. लोह कमी असलेल्या मुलींनी निदान तासभर चहाला थांबवावं.

बीटाचाही उल्लेख करायला हवा. त्यातल्या नायट्रेटमुळे त्याच श्रमाला प्राणवायू थोडा कमी लागतो, असं इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ पासून दाखवून दिलं आहे. या नायट्रेटवरची पहिली प्रक्रिया तोंडातले जिवाणू करतात. त्यामुळे बीटाचा रस पिऊन वर जंतुनाशक गुळण्या करणाऱ्याच्या पदरात फक्त लाल जीभ पडते.

टोमॅटोचं मात्र उलटं आहे. त्यातलं लायकोपीन शिजवल्यावर, त्यात थोडं तेल असल्यावर जास्त शोषलं जातं. गाजरातल्या कॅरोटीनचंही तसंच. तेव्हा सगळं कच्चं उत्तम आणि सगळं शिजलेलं मेलेलं, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

मोड: मधला रस्ता

कच्चं की शिजलेलं या भांडणात आपल्या स्वयंपाकघराने फार पूर्वी तोडगा काढून ठेवला आहे. मटकी, मूग, हरभरा भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आणायचे आणि मग वाफ द्यायची. मोड येताना फायटेट कमी होतं, म्हणजे लोह आणि जस्त सुटं होतं. वाफेने प्रथिनाचं पचन अडवणारे घटक जातात.

इथे एक हिशेब नेहमी चुकतो. कोरड्या मुगात १०० ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम प्रथिन असतं. तो आकडा पाठ करून पोरं १०० ग्रॅम मोड खातात आणि २४ ग्रॅम मिळाले असं धरतात. पण भिजून, मोड येऊन मुगाचं वजन दुप्पट-अडीचपट होतं, ते वाढलेलं वजन पाण्याचं. वाटीत प्रथिन निम्म्याहून कमीच उरतं.

कच्च्या मोडांचा दुसरा धोका जंतूंचा. ज्या उबेत आणि ओलीत मोड फुटतात, त्याच उबेत जिवाणू वाढतात. २०११ साली जर्मनीत ई-कोलायच्या एका घातक प्रकाराने पन्नासच्या वर माणसं दगावली आणि हजारो आजारी पडली. संशय शेवटी मेथीच्या मोडांवर येऊन थांबला. राजमा तर कच्चा खाऊच नये, मोड आणूनसुद्धा. त्यातल्या लेक्टिनमुळे चार-पाच दाण्यांनीही उलट्या सुरू होऊ शकतात. तो आधी भिजवून, पाणी फेकून, खळखळून उकळावा लागतो.

तालमीतले भिजवलेले हरभरे आणि गूळ हा ‘रॉ’ आहाराचा देशी पुरावा म्हणून सांगितला जातो. खरा आहे, पण त्याच तालमीत थंडाई, दूध, तूप आणि कोल्हापूरकडे मटणही होतं. पैलवानाच्या खुराकातून फक्त हरभरे उचलायचे आणि बाकीचं विसरायचं, याला खुराक म्हणत नाहीत.

नाशिक तर मिसळीचं गाव. मोड आलेली मटकी, शिजलेली, वरून कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. तर्री बाजूला ठेवली तर लांब पल्ला धावून आलेल्या माणसासाठी यापेक्षा मुद्देसूद पदार्थ मला सुचत नाही. तर्री बाजूला ठेवणारा नाशिककर शोधावा लागेल, हे कबूल.

सावरपाड्याची नागली

आपल्याच जिल्ह्यात, हरसूलजवळच्या सावरपाड्यातून कविता राऊत आली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुल स्पर्धेत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१२ ला अर्जुन पुरस्कार, २०१६ ला रिओची ऑलिंपिक मॅरेथॉन. तिच्या भागात डोंगरउतारावर पिकतं ते नागली, वरई आणि भात. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुसऱ्या कुठल्याही रोजच्या धान्यात एवढं नाही. नागलीला मोड आणून, वाळवून, दळून त्याचं सत्त्व करतात आणि ते शिजवून बाळालाही देतात. सत्त्व मोडातून येतं आणि आगीतून जातं. कच्च्याचा अभिमान आणि शिजवण्याचा शहाणपणा एकाच वाटीत.

बी-१२: जिथे वाद नाही

कुठल्याही वनस्पतीतून, कच्च्या किंवा शिजलेल्या, भरवशाचं बी-१२ मिळत नाही. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून येतं. ‘मातीतल्या भाज्या न धुता खाल्ल्या की मिळतं’ हा सल्ला जंतांना आमंत्रण आहे.

हा प्रश्न किती घरगुती आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष होते. त्यातल्या ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्के. यातले कुणी कच्चा आहार घेणारे म्हणून निवडलेले नव्हते, आपल्यासारखेच वरण-भात-पोळी खाणारे होते. म्हणजे आपण मुळातच काठावर उभे, आणि दूध-दही सोडणारा काठावरून पाय उचलतो. जर्मनीतल्या कच्चं खाणाऱ्या २०१ जणांच्या पाहणीत ३८ टक्क्यांत बी-१२ ची कमतरता निघाली होती.

धावणाऱ्याला ती कळते दम लागण्यातून, पायाला मुंग्या येण्यातून, कधी नुसत्या चिडचिडीतून. दूध सोडायचं असेल तर खुशाल सोडावं, पण डॉक्टरांना विचारून गोळी चालू करावी. यात तत्त्वाचा प्रश्न आणू नये.

गांधीजींनीही करून पाहिलं

कच्च्या आहाराचा प्रयोग मोबाईलमधून आला, असं वाटणाऱ्यांना एक जुनी गोष्ट. गांधीजींनी १८९३ साली प्रिटोरियात असताना न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग सुरू केला आणि अशक्तपणा येऊ लागल्यावर पंधरवड्याच्या आत सोडला. त्याचा प्रामाणिक वृत्तांत लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’ मध्ये छापूनही आणला. १९२९ साली त्यांनी पुन्हा तेच केलं, ‘यंग इंडिया’त लिहिलं, पोट बिघडलं, पुन्हा थांबले. मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं आणि मणिभाई देसाईंनी ते पुढे वाढवलं.

या गोष्टीत मला आवडतो तो हट्ट नव्हे, नोंदवही. काय खाल्लं, अंगाला काय वाटलं, केव्हा थांबलो, सगळं लिहून ठेवलेलं. आहाराची व्हिडिओ काढणारे तिसऱ्या महिन्यातली नोंद दाखवत नाहीत.

आणखी एक गंमत. कच्चं म्हणजे सात्त्विक हे समीकरण सगळ्या परंपरांना मान्य नाही. जैन आचारात कंदमुळं वर्ज्य आहेत आणि पाणी उकळून पिण्याला महत्त्व आहे. कच्च्यात जीव आहे, हेच तिथे ते न खाण्याचं कारण आहे.

वात, पित्त, कफ

आता टाइपकडे. आपल्याकडे माणसाचे प्रकार पाडण्याची जुनी पद्धत म्हणजे प्रकृती. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिचं सविस्तर वर्णन आहे. एकेका दोषाच्या तीन, दोन दोषांच्या तीन आणि एक सम, अशा सात प्रकृती मानल्या जातात. वातप्रकृतीचा माणूस सडपातळ, चपळ, बोलका, कोरड्या त्वचेचा. पित्ताचा तापट, भूक सहन न होणारा. कफाचा धिमा, दमदार, झोपाळू.

कच्चं, थंड, कोरडं अन्न वात वाढवतं, असं आयुर्वेद मानतो. लांब पल्ल्याचे धावपटू बहुधा काटकुळे, वातप्रकृतीच्या वर्णनात चपखल बसणारे. म्हणजे ज्यांना हा आहार सर्वांत जास्त मोहात पाडतो, त्यांनाच वैद्य तो सर्वांत आधी नाकारेल. व्यायामही आपल्या बळाच्या निम्म्यानेच करावा असं हे शास्त्र सांगतं. भरतीच्या पोरांना ते परवडणारं नाही, पण मॅरेथॉनवाल्या पन्नाशीने ऐकायला हरकत नसावी.

यामागे शरीरात काही सापडतं का? हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन यांच्यासह केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ३,४१६ पुरुषांची प्रकृती तपासून त्यातल्या स्पष्ट प्रकृतीच्या २६२ जणांची जनुकं पाहिली. तीन गटांत काही फरक दिसले आणि साखरेच्या चयापचयाशी संबंधित पीजीएम-१ या जनुकाचा पित्तप्रकृतीशी मेळ आढळला. हा धागा कुतूहलाचा आहे. पण हजारोंतून मोजकेच ‘स्पष्ट प्रकृतीचे’ म्हणून निवडावे लागले, हेही लक्षात घ्यावं. बहुतेक माणसं मिश्रच असतात, आणि दहा प्रश्नांच्या मोबाईल-चाचणीला ते कळत नाही.

चार अक्षरं आणि पाच मोजपट्ट्या

इंग्रजी अक्षरांची ती चाचणी म्हणजे मायर्स-ब्रिग्ज. कार्ल युंगचं ‘सायकॉलॉजिकल टाइप्स’ १९२१ साली आलं. त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी सोळा प्रकारांची ही पद्धत उभी केली. दोघींचं मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण नव्हतं. पद्धतीची अडचण अशी, की ती माणसाला इकडे किंवा तिकडे ढकलते. अंतर्मुख किंवा बहिर्मुख, मध्ये जागा नाही. प्रत्यक्षात बहुतेक जण मधल्या भागात असतात, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं.

संशोधक सध्या जास्त वापरतात त्या पाच मोजपट्ट्या: नव्या गोष्टींची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि चिंताळूपणा. यांत खोके नाहीत, फक्त कमी-जास्त आहे. कुणी काटेकोर जास्त, कुणी कमी, उंचीसारखं. आणि यांतली कुठलीही मोजपट्टी तुम्ही गाजर कच्चं खावं की शिजवून, हे सांगत नाही. तुमचं आतडं तुमच्या स्वभावाला विचारून पचन करत नाही.

मग स्वभाव ओळखून उपयोग काय? माझ्या मते एवढाच, की आपण कुठे अति करू हे आधी कळतं. काटेकोर माणूस नियम मोडत नाही, हा त्याचा गुण. पण नियमच चुकीचा असेल तर तो सर्वांत शेवटपर्यंत पाळणाराही तोच. पाळी बंद झाली, पायाला चीर पडली, तरी त्याची वही नीट भरलेली असते. नव्याची ओढ असलेला दर दोन महिन्यांनी आहार बदलतो. त्याचं नुकसान कमी होतं, पण फायदाही कळत नाही. बहिर्मुख मित्राचा आहार त्याचा गट ठरवतो. गट कच्चा तर तो कच्चा, रविवारी गट मिसळीला गेला की तोही. खरं तर तोच बराचदा सुरक्षित राहतो. चिंताळू माणसाला शुद्ध-अशुद्ध अशी विभागणी फार चटकन पटते. लग्नातलं जेवण टाळणं, आईने केलेल्या भाजीतलं तेल मोजणं, इथवर गाडी येते. स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकी डॉक्टरने १९९७ साली या ध्यासाला ‘ऑर्थोरेक्सिया’ असं नाव दिलं. तो स्वतः एकेकाळी शुद्ध आहाराच्या नादात सापडलेला होता.

घरातल्या माणसांना हे चाचणीपेक्षा लवकर कळतं. आई म्हणते, ‘‘बाबा रे, तू आता जेवत नाहीस, परीक्षा देतोस.’’ त्या वाक्यात पाचही मोजपट्ट्या आल्या.

धुणं आणि फवारणी

कच्चं खाणाऱ्यासाठी धुणं हीच चूल. कोबी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना लागलेल्या दूषित पाण्यातून जंतांची अंडी पोटात जातात, आणि फितकृमीची अंडी मेंदूपर्यंत पोचली की झटके येऊ शकतात. शहराखालच्या नदीपट्ट्यात राहणाऱ्यांनी हे हलक्यात घेऊ नये. कोबीची बाहेरची पानं काढून टाकावीत, पालेभाजी वाहत्या पाण्यात पान-पान सुटं करून धुवावी, आणि पाणी पिण्याचं असावं.

फवारणीचा अंश मात्र धुऊन सगळा जात नाही. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला. युरोपात माल अडकला आणि नाशिकच्या बागायतदारांनी मोठा फटका सोसला. ते रसायन वेलीच्या आत भिनणारं. त्यानंतर निर्यातीच्या मालाची तपासणी कडक झाली. आपल्या बाजारात येणाऱ्या घडाचं काय, हे विचारायचं तर ओळखीच्या बागेतूनच घ्यावा. एकलहऱ्याहून निफाडच्या बागा काही लांब नाहीत.

फेब्रुवारीतलं एक ताट

तर साठ किलोच्या त्या पोराचं काय करायचं? फेब्रुवारी आहे असं धरू, कारण आपल्याकडे कच्चं खायला याहून चांगला महिना नाही. पहाटे धावायच्या अर्धा तास आधी एक-दोन केळी, जास्त काही नाही. तंतुमय कच्च्या भाज्या यावेळी नकोत, नाहीतर मैदानाच्या कडेला आडोसा शोधावा लागतो. आल्यावर दुधात किंवा पाण्यात शिजवलेलं नागलीचं सत्त्व आणि मूठभर दाणे, नंतर एक पेरू. दुपारी दोन-तीन भाकऱ्या, वाफवलेल्या मटकीची उसळ, लिंबू, कांदा, गाजर-काकडीची कोशिंबीर दह्यातली. संध्याकाळच्या सरावाआधी बेदाणे, सरावानंतर द्राक्षांचा एक घड. रात्री वरण-भात, पालेभाजी, टोमॅटोचं सार. भाज्या-फळं मोजली तर वजनाने जवळपास निम्मं ताट कच्चं आहे. कॅलरीने मोजलं तर तीन-चतुर्थांश शिजलेलं.

उन्हाळा लागला की द्राक्षाच्या जागी कैरी, कलिंगड. पावसाळ्यात कच्च्या पालेभाज्या बंदच, फक्त सोलून खायची फळं. आणि भरतीची तारीख जाहीर झाली की शेवटच्या पंधरा दिवसांत ताटात काहीही नवं आणायचं नाही, मित्राने कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.